चैत्यभूमी, समुद्र आणि डिसेंबरचे वादळ : मुंबईला निघण्याआधी हे माहीत असू द्या

महापरिनिर्वाण दिनाची तयारी आमच्या जऊळक्यात नोव्हेंबरच्या शेवटीच सुरू होते. अकोला-पूर्णा मार्गावरचे आमचे स्टेशन लहान. इथून अकोल्याला जायचे, तिथून मुंबईची गाडी धरायची. नागपूरहून सुटणाऱ्या विशेष गाड्यांत जागा मिळाली तर बरे, नाही तर दाराशी बसून प्रवास. पिशवीत दोन दिवसांच्या भाकरी, चटणी, पांढरे कपडे, एक चादर. छत्री मात्र कोणी घेत नाही. डिसेंबर महिना आहे, सोयाबीन कधीच घरात आले, तूर शेतात उभी आहे. आता पाऊस कुठला?

२०१७ साली तो आला. ओखी नावाचे चक्रीवादळ अरबी समुद्रातून वर सरकत होते आणि ४ व ५ डिसेंबरला मुंबईत पाऊस पडला. नेमके तेच दिवस, ज्या दिवसांत राज्यभरातून आणि राज्याबाहेरून आलेले लाखो अनुयायी दादरच्या शिवाजी पार्कवर मुक्कामाला असतात. सरकारने ५ डिसेंबरला मुंबई आणि लगतच्या जिल्ह्यांतील शाळांना सुटी दिली. मैदानावर उघड्यावर थांबलेल्या लोकांची जवळच्या महापालिका शाळांमध्ये सोय करण्यात आली. सुदैवाने वादळ समुद्रातच कमजोर होत गेले. दक्षिण गुजरातच्या किनाऱ्याजवळ पोहोचेपर्यंत ते नुसते कमी दाबाचे क्षेत्र उरले होते. त्यामुळे आपल्यासाठी तो भिजण्याचा आणि हाल होण्याचा प्रसंग ठरला, त्याहून वाईट काही घडले नाही.

पण त्याच ओखीने दक्षिणेत काय केले ते विसरता येत नाही. कन्याकुमारीजवळ ते इतक्या वेगाने वाढले की इशारा पोहोचला तेव्हा केरळ आणि तमिळनाडूच्या अनेक बोटी खोल समुद्रात गेलेल्या होत्या. शेकडो मच्छीमार मेले किंवा बेपत्ता झाले. काही बोटी वाट फुटेल तिकडे जात थेट आपल्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लागल्या. (ओखी हे नाव बांगलादेशने सुचवलेले. बंगालीत त्याचा अर्थ डोळा.) तेच वादळ जोर टिकवून मुंबईला आले असते तर? हा प्रश्न भीती घालण्यासाठी विचारत नाही. समुद्राच्या काठावर दरवर्षी ठरलेल्या तारखेला जमणारा एवढा मोठा समुदाय आणि त्यातले बहुसंख्य लोक समुद्र फक्त वर्षातून एकदा पाहणारे, अशी दुसरी उदाहरणे राज्यात फार नाहीत. म्हणून हा विषय आपला आहे.

आधी डिसेंबरचे कोडे सोडवू. चक्रीवादळाला गरम समुद्र लागतो. पाणी साधारण २६ अंश सेल्सिअसच्या वर असले की वाफ वर चढते, खाली हवेचा दाब कमी होतो, भोवतालची हवा आत धावते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती वळसा घेऊ लागते. भर पावसाळ्यात समुद्र गरम असतो, पण वरच्या आणि खालच्या थरांतले वारे वेगवेगळ्या दिशांनी आणि वेगांनी वाहतात, त्यामुळे वादळाचा खांब उभा राहण्याआधीच मोडतो. म्हणून भारताच्या दोन्ही समुद्रांत वादळांचे हंगाम दोन : एप्रिल ते जूनचा आणि ऑक्टोबर ते डिसेंबरचा. ६ डिसेंबर या दुसऱ्या हंगामात येतो. २०२३ मध्ये मिचाँग वादळ आंध्रच्या किनाऱ्यावर धडकले ती तारीख ५ डिसेंबर होती. अरबी समुद्र पूर्वी बंगालच्या उपसागराच्या मानाने शांत समजला जाई. आता तो तापतो आहे, आणि त्यातली वादळे वाढल्याचे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये फयान, २०२० च्या जूनमध्ये निसर्ग, २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते. ही तिन्ही आपल्या कोकणाने अनुभवली.

वादळ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वारा येतो. आपल्याकडे वळवाच्या पावसात टिनपत्रे उडतात, कडुनिंब मोडतो, विजेचा खांब आडवा होतो. म्हणून वाऱ्याचे भय आपल्याला कळते. किनाऱ्यावर मात्र माणसे अधिक मरतात ती पाण्याने. वादळाचा वारा समुद्राचे पाणी ढकलत किनाऱ्यावर आणतो आणि पाण्याची पातळीच वर चढते. लाट येऊन परत जाते, हे पाणी मात्र तासन् तास चढलेले राहते आणि त्याच्या पाठीवर लाटा येत राहतात. त्याच वेळी भरती असेल तर दोन्हींची बेरीज होते. त्यातही अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची उधाणाची भरती असेल तर आणखी वाईट. ६ डिसेंबर ही इंग्रजी तारीख, तिचा चंद्राशी संबंध नाही. त्यामुळे एखाद्या वर्षी त्या दिवशी उधाण असते, एखाद्या वर्षी भांग. २०१७ मध्ये ३ डिसेंबरला पौर्णिमा होती. म्हणजे ओखी आले ते नेमके उधाणाच्या दिवसांत.

आणखी एक गोष्ट कळली की बातम्या समजायला सोप्या जातात. आपल्या गोलार्धात वादळ घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरते. ते ज्या दिशेला चालले आहे तिकडे तोंड करून उभे राहिलात, तर तुमच्या उजव्या हाताची बाजू जास्त धोक्याची, कारण तिथे फिरणारा वारा आणि वादळाची चाल एकाच दिशेने जोर लावतात. ३ जून २०२० ला निसर्ग अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आले, ताशी १००-११० किलोमीटरच्या वाऱ्यासह. मुंबई त्याच्या डाव्या हाताला पडली आणि बरीचशी वाचली. उजव्या हाताला मुरुड, श्रीवर्धन, दिवेआगर होते. तिथल्या नारळी-सुपारीच्या बागा झोपल्या. रत्नागिरी जिल्ह्यात दापोली आणि मंडणगड या तालुक्यांना मोठा फटका बसला. मंडणगड म्हणजे बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे ज्या तालुक्यात आहे तो. तेव्हा कोरोनाची टाळेबंदी होती. विदर्भातल्या आपल्या किती लोकांपर्यंत ही बातमी पोहोचली, कोण जाणे.

आता मूळ मुद्दा. वादळ येणार हे कळल्यावर कोणी जागा सोडायची आणि कोणी थांबायचे, हे कसे ठरवतात?

अमेरिकेत फ्लोरिडासारख्या किनारी राज्यांनी त्यासाठी नकाशेच केले आहेत. किनाऱ्याची जमीन समुद्रसपाटीपासून किती उंच, पाणी किती आत येऊ शकते, हे मोजून ए, बी, सी असे पट्टे पाडलेले असतात. ए म्हणजे सर्वांत आधी सोडायचा भाग. न्यूयॉर्क शहराने २०१२ च्या सँडी वादळानंतर आपले पट्टे नव्याने आखले आणि त्यांना १ ते ६ असे क्रमांक दिले. नागरिकाला आपला पट्टा वादळ येण्याच्या कितीतरी आधी ठाऊक असावा, ही त्यामागची कल्पना. वादळाच्या दिवशी रेडिओवर फक्त एवढेच सांगायचे : अमुक पट्ट्याने निघावे. हे पट्टे पाण्याचा विचार करून पाडलेले असतात, वाऱ्याचा नव्हे. वाऱ्यापासून पक्क्या घरात राहून वाचता येते. पाण्यापासून वाचायला जागा सोडावीच लागते.

नकाशा असला म्हणजे झाले, असे मात्र नाही. २८ ऑगस्ट २००५ ला न्यू ऑर्लिन्स शहर रिकामे करण्याचा सक्तीचा आदेश निघाला. ज्यांच्याकडे गाडी होती ते गेले. एक लाखाहून अधिक लोकांकडे स्वतःचे वाहन नव्हते आणि त्यांत गरीब कृष्णवर्णीय मोठ्या संख्येने होते. कॅटरिना वादळात एकूण सुमारे १८०० माणसे गेली. निघा म्हणणे सोपे असते. कशाने निघायचे, कुठे जायचे आणि तिथे आपल्याला आत घेतील का, ही उत्तरे ज्याच्याकडे नाहीत त्याला आदेशाचा काही उपयोग होत नाही.

शेवटचा प्रश्न आपल्याला नवा नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत, विशेषतः नागपट्टिणम जिल्ह्यात, मदत छावण्यांमध्ये दलित कुटुंबांना वेगळे काढले गेले, मदतीत मागे ठेवले गेले, पिण्याच्या पाण्यापाशी अडवले गेले, अशा तक्रारी मानवी हक्क संघटनांनी नोंदवून ठेवल्या आहेत. समुद्र सगळ्यांच्या घरात शिरला होता, तरी पाण्याच्या टाकीपाशी जात विचारली गेली. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. या दोन घटनांमध्ये ७७ वर्षांचे अंतर आहे.

आपल्या देशात घराघराला अक्षर देणारे पट्टे नाहीत. नद्यांसाठी महाराष्ट्रात निळी आणि लाल पूररेषा आखतात. २५ वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची निळी, १०० वर्षांतून एकदाची लाल. तुमची वस्ती नदीनाल्याकाठी असेल तर ती या रेषांच्या आत आहे की बाहेर, हे पाटबंधारे खात्याकडे किंवा नगर परिषदेकडे जरूर विचारा. समुद्रासाठी मात्र पद्धत वेगळी आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. सखल गावे, खाडीकाठच्या वस्त्या, कच्ची घरे यांच्या याद्या जिल्ह्याच्या आराखड्यात असतात आणि वादळ जवळ आले की त्या यादीप्रमाणे लोकांना हलवतात. ही पद्धत नीट राबवली तर काय होते ते ओडिशाने दाखवले. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे १० हजार माणसे मेली. त्यानंतर त्यांनी निवारे बांधले, गावोगाव स्वयंसेवक तयार केले. २०१९ मध्ये फणी आले तेव्हा १२ लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले होते. मृतांचा आकडा ६४ होता. ६४ सुद्धा माणसेच, पण कुठे १० हजार आणि कुठे ६४.

भारतीय हवामान विभागाचे इशारे टप्प्याटप्प्याने येतात. साधारण ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी सावधगिरीचा इशारा, २४ तास आधी धोक्याचा इशारा आणि १२ तास आधी जमिनीवर आल्यावर काय होईल याचा अंदाज. रंग आपण टीव्हीवर पाहतोच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे प्रशासनाने आणि तुम्हीही कृती करा. वाऱ्याच्या वेगावरून नाव बदलते. ताशी ६२ किलोमीटर झाले की चक्रीवादळ, ८९ ला तीव्र, ११८ ला अतितीव्र. तौक्ते मुंबईच्या समुद्रातून पुढे गुजरातकडे गेले, शहराला थेट धडकले नाही, तरीही १७ मे २०२१ ला कुलाब्यात ताशी ११४ किलोमीटरचे झोत नोंदले गेले. असा झोत मंडपात, कनातीत, बांबूवर ताणलेल्या ताडपत्रीत शिरला तर काय होईल, ते ज्याने लग्नाचा मांडव उडताना पाहिला आहे त्याला सांगायला नको.

यातले ७२ तास आपल्यासाठी महत्त्वाचे आहेत. आपण बहुतेक ३ किंवा ४ डिसेंबरला गाडीत बसतो. म्हणजे ६ तारखेचा पहिला इशारा आपण घरी असताना, फार तर प्रवासात असताना आलेला असतो. गटातल्या एका तरुणाने २ तारखेपासून रोज सकाळ-संध्याकाळ हवामान विभागाचे पत्रक पाहायचे, एवढे काम वाटून घ्या. व्हॉट्सअॅपवर फिरणारा तीन वर्षांपूर्वीच्या लाटांचा व्हिडिओ म्हणजे इशारा नव्हे, हेही त्यानेच बाकीच्यांना सांगायचे.

चैत्यभूमीची जागा डोळ्यांसमोर आणा. स्तूपामागे दादरची चौपाटी. भरतीला पाणी किती जवळ येते ते आपण पाहिले आहे. शिवाजी पार्क तिथून चालत काही मिनिटांवर, सपाट, मोठे झाड नाही असा मधला भाग, कडेने रस्ते. पुस्तकांचे स्टॉल, जेवणाचे मंडप, आरोग्य तपासणीची केंद्रे, विजेच्या तारा, लहान मुले, म्हातारी माणसे. समुद्र उसळला तर पहिला धोका चौपाटीवर उतरलेल्यांना आहे. मैदानावर बसलेल्यांना पाण्याआधी वारा, पडणारे खांब आणि भिजलेल्या तारा यांचा धोका.

माझ्या मते सगळ्यांत मोठा धोका यांपैकी कोणताच नाही. तो आहे धावपळीचा. २९ सप्टेंबर २०१७ ला, म्हणजे ओखीच्या सव्वादोन महिने आधी, दादरच्या लगतच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण मेले. त्या स्टेशनला आता प्रभादेवी म्हणतात. वादळ नव्हते, फक्त पावसाची जोरदार सर होती आणि लोक पुलावर आडोशाला थांबले होते. लाखोंच्या मैदानावर अचानक जोराचा पाऊस आला आणि सगळे एकाच वेळी दादर स्टेशनकडे निघाले तर काय होईल, याचा विचार आपल्या संघटनांनी करायला हवा. समता सैनिक दलाचे कार्यकर्ते दरवर्षी रांगा सांभाळतात, उन्हातान्हात उभे राहतात, त्यांची शिस्त आपण पाहतो. त्या शिस्तीला एका छापील कागदाची जोड हवी : मैदानाच्या कोणत्या बाजूच्या लोकांनी पावसात कोणत्या शाळेत जायचे आणि कोणत्या रस्त्याने. २०१७ ला शाळा उघडल्या, चांगले झाले. ती यादी दरवर्षी १ डिसेंबरलाच जाहीर व्हावी, मैदानाच्या प्रत्येक दारावर मोठ्या अक्षरांत लागावी आणि ध्वनिक्षेपकावरून मराठी आणि हिंदीत सांगितली जावी, ही मागणी महापालिकेकडे लेखी करण्यासारखी आहे. पूर्वतयारीची जी बैठक दरवर्षी होते तीत हा विषय मांडता येईल.

तोवर आपल्या हातातले करू. मुंबईत उतरल्यावर मुक्काम टाकण्याआधी गटातल्या दोघांनी आजूबाजूला फिरून जवळची पक्की इमारत पाहून ठेवावी. कोणी हरवले तर कुठे भेटायचे ते ठरवावे, आणि ती जागा स्टेशन नसावी, समुद्राकडची तर नसावीच. मोबाईलची बॅटरी संपते, गर्दीत नेटवर्क जाते, म्हणून प्रत्येकाच्या खिशात गावाचे नाव, गटप्रमुखाचा आणि घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी असावी. लहान मुलांच्या आणि वयस्कर आयाबायांच्या बाबतीत यात हयगय नको. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या, आधार कार्ड आणि परतीचे तिकीट एका प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवावे. छत्री वाऱ्यात उलटते आणि गर्दीत डोळ्यांत जाते, त्यापेक्षा खताच्या पोत्याची खोळ बरी. आपल्याला ती करता येते. वारा सुटला की मंडपाच्या खांबाला धरून उभे राहायचे नाही, पाण्यात पडलेल्या तारेजवळ जायचे नाही, आणि लाटा बघायला चौपाटीवर उतरायचे नाही. मुंबई महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा क्रमांक १९१६, पोलीस आणि इतर मदतीसाठी ११२. इकडे आपल्या जिल्ह्यातल्या नियंत्रण कक्षासाठी १०७७.

एक अडचण उरते आणि ती सगळ्यात अवघड आहे. वर्षभर मजुरीतले दहा-वीस रुपये बाजूला टाकून आलेली म्हातारी आठ तास रांगेत उभी आहे. तिला तुम्ही सांगणार, "आजी, वारा वाढलाय, रांग सोडा, शाळेत चला." ती म्हणेल, "बाबाच्या दारात आली, आता पाया न पडता कशी जाऊ?" तिला दटावू नका, आणि अंधश्रद्धा वगैरे शब्द तर मुळीच वापरू नका. ती जे करते आहे ते श्रद्धेपेक्षा कृतज्ञतेच्या जवळचे आहे. तिला तारीख सांगा. बाबासाहेबांचे निर्वाण ६ डिसेंबरला दिल्लीत झाले. पार्थिव विमानाने मुंबईला आणले आणि दादरच्या या किनाऱ्यावर अग्नी दिला तो ७ डिसेंबर १९५६ ला. ज्या जागेसाठी ती आली आहे त्या जागेची खरी तारीख ७ आहे. एक रात्र शाळेच्या वर्गात काढून दुसऱ्या दिवशी दर्शन घेतले तर काही चुकत नाही.

त्यासाठी परतीचे तिकीट मात्र ६ च्या रात्रीचे नको. गटाचे आरक्षण करताना यंदा ७ च्या रात्रीची किंवा ८ ची गाडी पाहा. आमच्या गटाने तसेच ठरवले आहे.